मीटरच्या पेटीत अर्थिंगची वायर न्यायची की नाही? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात पेठांतल्या वाड्यांपासून बाणेर-वाकडच्या टॉवरपर्यंत कुठेही मीटर रूममध्ये उभं राहिलं की सोसायटीतले चार जण जमतात आणि तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय. आधीच सांगतो, हे वाचून पक्कड घेऊन पेटी उघडायला जाऊ नका. घरातला मेन स्विच पाडला तरी मीटरच्या येणाऱ्या बाजूला करंट असतोच, आणि तिथे काही शॉर्ट झालं तर तुमचा एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) मध्ये येत नाही, मागचा कटआउट किंवा ट्रान्सफॉर्मरकडचा फ्यूज उडेपर्यंत जो काही जाळ व्हायचा तो तोंडासमोर होतो.

अर्थिंगची वायर मीटरला जोडतात का?

नाही. सिंगल फेज मीटरच्या खाली चार भोकं असतात, फेज आत, फेज बाहेर, न्यूट्रल आत, न्यूट्रल बाहेर. थ्री फेजच्या साध्या मीटरला आठ. पाचवं किंवा नववं भोक शोधत बसू नका, ते नसतंच, कारण मीटरला अर्थचं काही मोजायचं नसतं. वायरमन "मीटरला अर्थिंग द्यायचंय" म्हणतो तेव्हा त्याला पेटीला आणि तिथून पुढे घराला असं म्हणायचं असतं, बोलायची पद्धत आहे ती.

मग पेटीपर्यंत तरी न्यायची कशाला?

पेटी पत्र्याची असेल तर तिच्या बॉडीला अर्थ पाहिजेच. केबल पत्र्याच्या भोकातून आत जाते, रबर बुश कधीच गळून पडलेला असतो, पत्र्याची धार वर्षानुवर्ष इन्शुलेशनवर घासते आणि एक दिवस पेटी जिवंत होते. अर्थ असेल तर फॉल्टचा करंट जमिनीकडे जातो, निदान जायला वाट तरी असते, नसेल तर पेटी तशीच २३० व्होल्टवर शांतपणे उभी राहते आणि पावसाळ्यात ओल्या हाताने कुणीतरी दार लावायला जातो.

आता नवीन पेट्या बहुतेक पॉलीकार्बोनेटच्या किंवा एसएमसीच्या येतात, प्लास्टिकसारख्याच, त्यांच्या बॉडीला अर्थ देण्यात अर्थ नाही. पण तिथेही अर्थची वायर शेजारी येतेच, कारण फेज-न्यूट्रल जिथून घराकडे निघतात तिथूनच अर्थनेही त्यांच्याबरोबर निघावं हे सगळ्यात सोपं पडतं. फ्लॅटमधल्या तीन पिनच्या सॉकेटचं वरचं मोठं भोक शेवटी याच वायरने खालच्या अर्थिंगच्या खड्ड्याला, म्हणजे जमिनीत पाइप किंवा प्लेट गाडलेली असते तिथे, जोडलेलं असतं.

पेटीच्या आत नेऊन बोल्ट मारायचा की बाहेरूनच?

माझं मत स्पष्ट आहे, सील लागणाऱ्या भागात अर्थचा जोड ठेवूच नका. सील महावितरणचं, ते तुम्ही तोडू शकत नाही, वीज कायदा २००३ च्या कलम १३५ मध्ये मीटरशी छेडछाड केली तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही असं आहे, आणि "साहेब, मी फक्त अर्थिंगचा नट आवळत होतो" हे कुणी ऐकून घेत नाही. अर्थचा जोड मात्र दरवर्षी बघायची गोष्ट आहे. जी गोष्ट दरवर्षी बघायची ती कुलुपात का ठेवायची?

कोथरूडला एका बंगल्यावर गेलो होतो, तक्रार एवढीच की गिझर चालू असताना नळाला मुंग्या येतात. खड्डा छान, बाहेर दिसणारी पट्टी छान, नुकताच रंगही दिलेला. सगळं बघून झालं तरी घरात अर्थ येईना. शेवटी रीतसर अर्ज करून पेटी उघडली गेली तेव्हा आत अर्थची तांब्याची वायर थेट जीआयच्या, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाच्या, बोल्टला गुंडाळलेली, वर हिरवा थर, आणि हात लावला तर वायर हातात आली. किती वर्ष तसं होतं कुणास ठाऊक, बाहेरून कळायला मार्गच नव्हता.

त्यामुळे चांगली पद्धत अशी की खड्ड्यातून येणारी पट्टी पेटीच्या बाहेर, भिंतीवर, एका अर्थ बारवर (बोल्टची भोकं असलेली धातूची पट्टी) संपवायची, तिथून एक वायर पेटीच्या बॉडीच्या बाहेरच्या स्टडला आणि एकेक वायर प्रत्येक ग्राहकाच्या मेन स्विचकडे. पेटीला ग्राहकाच्या बाजूचा वेगळा कप्पा असेल, जिथे सील नसतं, तर बार तिथे चालेल. आणि काहीच पर्याय नाही, वायर आतून जाणारच असेल तर ती खालून, स्वतःच्या वेगळ्या भोकातून, ग्लँड (भोकात वायर घट्ट धरणारी बुचासारखी वस्तू) लावून न्यायची, मध्ये जोड न देता. वरून भोक पाडायचं नाही, पाणी वायरवरून ओघळत बरोबर टर्मिनलवर जातं. सीलच्या स्क्रूखाली अर्थची वायर दाबलेली मी पाहिलीय, त्या माणसाला साष्टांग नमस्कार.

अर्थ कंपनीने द्यायचा की आपण करायचा?

नियमात गंमत आहे. १९५६ च्या इंडियन इलेक्ट्रिसिटी रूल्समध्ये नियम ३३ होता, वीजपुरवठा करणाऱ्याने ग्राहकाच्या जागेत, जिथे पुरवठा सुरू होतो तिथे, हाताला येईल असं अर्थ टर्मिनल द्यावं असा. २०१० मध्ये केंद्रीय वीज प्राधिकरणाचे सुरक्षा नियम आले त्यातही ते कायम राहिलं, नंतर २०२३ मध्ये त्या नियमांची नवी आवृत्ती आली. पण २५० व्होल्टच्या वर, म्हणजे थ्री फेज असेल, तर ग्राहकाने स्वतःचा वेगळा इलेक्ट्रोडही करायचा असं तेव्हापासून आहे.

प्रत्यक्षात खांबावरून घराकडे येणारी सर्व्हिस वायर बघा, सिंगल फेजला दोनच तारा येतात, फेज आणि न्यूट्रल. अर्थ नावाचं काही खांबावरून येत नाही. त्यामुळे बंगला असो की रो-हाउस, खड्डा आपला आपणच करायचा, आणि नवीन कनेक्शनच्या वेळी लायसन्सवाला कॉन्ट्रॅक्टर जो टेस्ट रिपोर्ट देतो त्यासाठी तो आधी झालेला असायला हवा. टेस्ट रिपोर्टवर नुसती सही घेऊन येणारे लोक आहेत, सगळ्यांना माहितीये, पण शॉक लागल्यावर ती सही उपयोगाला येत नाही.

न्यूट्रल आणि अर्थ मीटरपाशी एकत्र जोडून टाकले तर? शेवटी दोन्ही जमिनीतच जातात ना?

हा सगळ्यात धोकादायक जुगाड, म्हणून जरा सविस्तर लिहितो. न्यूट्रल ट्रान्सफॉर्मरपाशी जमिनीला जोडलेला असतो हे खरं, तिथे ते काम कंपनीचं. पण तिथून तुमच्या घरापर्यंत न्यूट्रल ही करंट वाहून नेणारी तार आहे, तिच्यात पूर्ण लोडचा करंट परत जातो. अर्थमधून रोजच्या दिवसात काहीच जायला नको, ती फक्त भानगड झाली तर कामाला येते.

आता समजा मीटरपाशी दोन्ही जोडले आणि जूनच्या पहिल्या वादळात झाडाची फांदी पडून खांबावरचा न्यूट्रल निसटला. घरात २००० वॅटचा गिझर चालू आहे. फेज गिझरमधून न्यूट्रलवर येतो, न्यूट्रल पुढे तुटलाय, म्हणून तो तुमच्या जोडातून अर्थच्या वायरवर जातो आणि खड्ड्यात उतरतो. गिझरचा रेझिस्टन्स साधारण २६ ओहम, खड्डा १० ओहमचा धरला तर घरातल्या फ्रिज, वॉशिंग मशीन, मिक्सर, जे जे अर्थला जोडलंय त्या सगळ्याच्या बॉडीवर ६३ व्होल्ट येतात. खड्डा उन्हाळ्यात वाळून ५० ओहमवर गेलेला असेल तर १५० व्होल्ट. एकही उपकरण बिघडलेलं नाही, एकही एमसीबी पडत नाही. सोसायटीत अर्थ सगळ्यांचा एक असेल तर शेजाऱ्याच्या फ्रिजवरही तोच व्होल्टेज. ज्या वायरने वाचवायचं तीच वायर घरभर शॉक वाटत फिरते.

न्यूट्रल नीट असेल तेव्हाही त्रास आहेच, तो पुढच्या प्रश्नात.

मीटरवर 'ईएल' किंवा 'अर्थ' असा लाल दिवा लागलाय, वीजचोरीची केस होईल का?

घाबरू नका पण दुर्लक्षही करू नका. आपल्याकडचे इलेक्ट्रॉनिक मीटर फेजमधला करंट आणि न्यूट्रलमधला करंट वेगवेगळा मोजतात. दोन्ही सारखे असायला हवेत. फरक पडला की मीटर समजतो करंट दुसऱ्या वाटेने परत जातोय आणि तो दिवा लावतो, आणि युनिट मोजताना दोघांत जो मोठा तो धरतो. पूर्वी लोक न्यूट्रल काढून जमिनीत खिळा ठोकून लोड चालवायचे, ते पकडायला ही सोय.

तुम्ही चोरी करत नसाल तरी दिवा लागू शकतो. एक, मीटरनंतर कुठेतरी न्यूट्रल-अर्थ भिडलेत, म्हणजे वरचा जुगाड किंवा एखाद्या सॉकेटमध्ये वायर चेपलीय. दोन, एखादं उपकरण लीक होतंय, जुना गिझर किंवा बोअरची मोटर असेल तर पहिला संशय त्यांच्यावर. तीन, आणि हे पुण्यातल्या विभागलेल्या वाड्यांत फार, दोन भावांचे दोन मीटर झाले पण जिन्यातल्या दिव्याचा फेज एका मीटरचा आणि न्यूट्रल दुसऱ्याचा. मग दोन्ही मीटरवर दिवा लागतो आणि दोन्ही भाऊ एकमेकांवर संशय घेतात. एकेक एमसीबी पाडत जायचं, कुठला पाडल्यावर दिवा विझतो ते बघायचं, वायरमनचं अर्धं काम तिथेच होतं. मीटर या घटनेची नोंद स्वतःत ठेवतो म्हणून उगाच लांबवू नका.

यूट्यूबवर अमेरिकन इलेक्ट्रिशियन अर्थची वायर मीटरच्या डब्यातच न्यूट्रलला जोडताना दिसतो, मग तो चुकतोय का?

तो त्याच्या देशात बरोबर आहे. तिथे घराला १२०/२४० व्होल्टचा पुरवठा येतो, मधला न्यूट्रल, आणि त्यांच्या एनईसी, म्हणजे नॅशनल इलेक्ट्रिकल कोडच्या कलम २५० प्रमाणे न्यूट्रल आणि अर्थ घराच्या पुरवठ्याच्या तोंडाशी एकदा जोडायचेच असतात. सर्व्हिस वायर जिथे घराला लागते तिथपासून मेन डिस्कनेक्टपर्यंत (त्यांचा मेन स्विच) कुठल्याही हात पोचणाऱ्या जागी तो जोड चालतो, त्यामुळे मीटरचा पत्र्याचा डबाही त्यात बसतो. त्याच्या पुढे घरात मात्र दोन्ही पूर्ण वेगळे. आणि मजा बघा, तिथेही बऱ्याच वीज कंपन्या म्हणतात की सील लावलेला डबा हात पोचणारी जागा कशी म्हणायची, म्हणून आमच्या मीटरच्या डब्यात अर्थ आणू नका, आत मेन पॅनलला न्या. म्हणजे सीलचं भांडण तिकडेही आहेच.

आपल्याकडे ग्राहकाच्या जागेत हा जोड करायचा नाही. व्हिडिओ बघून लग (वायरच्या टोकाला बसवायचं धातूचं कडं) कसं दाबायचं ते जरूर शिका, कनेक्शन कुठे द्यायचं ते नाही.

वायर किती जाड घ्यायची? तपकीर गल्लीतला दुकानदार म्हणतो आठ नंबरची जीआय पुरते.

आयएस ३०४३ हा अर्थिंगचा भारतीय मानक, त्यातलं कोष्टक सोपं आहे. फेजची वायर १६ स्क्वेअर एमएमपर्यंत असेल तर अर्थही तेवढीच, १६ ते ३५ असेल तर १६, त्याच्या वर निम्मी. हे दोन्ही एकाच धातूच्या असतील तेव्हा. हिशोब करून कमी जाडी सिद्ध करता येते, पण एका फ्लॅटच्या वायरसाठी कोण हिशोब करत बसणार, फेज १० ची असेल तर अर्थ १० ची टाका आणि मोकळे व्हा.

आठ गेजची जीआय तार म्हणजे ४ मिमी व्यास, क्षेत्रफळ साधारण १३ स्क्वेअर एमएम. ऐकायला दणदणीत वाटतं, पण लोखंडाला फॉल्टचा करंट तांब्याएवढा सहन होत नाही, जवळपास पावणेतीन पट जाडी लागते, म्हणजे ही तार तांब्याच्या ४-५ स्क्वेअर एमएमच्या बरोबरीची. एका छोट्या मीटरला चालून जाईल, बारा मीटरच्या मीटर रूमला एकच आठ नंबरची तार हा विनोद आहे. तिथे २५ बाय ३ किंवा २५ बाय ६ ची जीआय पट्टी हवी. पट्टी तांब्याची का नको असं विचाराल तर तांत्रिक कारण काही नाही, पार्किंगमधून तांब्याची पट्टी रात्रीत गायब होते.

रंग हिरवा किंवा हिरवा-पिवळा. काळ्या वायरला टोकाला हिरवी टेप गुंडाळून अर्थ म्हणू नका, दहा वर्षांनी टेप गळते आणि पुढचा वायरमन तिला न्यूट्रल समजतो.

अर्थची एकटी वायर लोखंडी पाइपातून नेली तर चालेल ना, चांगलं संरक्षण मिळेल?

पीव्हीसी पाइपातून न्या. एकटी वायर लोखंडी पाइपात घातली की मोठा फॉल्ट करंट वाहताना पाइप चोकसारखा वागतो, करंटला अडवतो. अमेरिकन कोडमध्ये म्हणूनच अशा पाइपाला दोन्ही टोकांना त्याच वायरशी जोडायची सक्ती आहे. आपण एवढ्या भानगडीत पडण्यापेक्षा पीव्हीसी बरा. फेज, न्यूट्रल, अर्थ तिघं एकत्र एकाच लोखंडी पाइपातून जात असतील तर प्रश्न नाही, पण पत्र्याच्या पेटीत शिरताना फेज एका भोकातून आणि न्यूट्रल दुसऱ्या भोकातून असं करू नका, मधला पत्रा तापतो.

जोड कसा द्यायचा?

लग, क्रिम्पिंग टूलने दाबलेलं, हातोडीने ठोकलेलं नाही. पेटीचा रंग जोडाच्या जागी खरवडायचा, पावडर कोटिंगवर बोल्ट आवळला तर तो रंगाला लागतो, पत्र्याला नाही. स्टार वॉशर, स्प्रिंग वॉशर, वरून पेट्रोलियम जेली. तांब्याची वायर जीआयला लावताना टिन केलेलं लग घ्या. दाराला वेगळी लवचिक वेणी, बिजागरीवर भरवसा नको, ती गंजते.

खड्डा नीट आहे, अर्थ नीट आलाय, मग आरसीसीबी कशाला?

आरसीसीबी म्हणजे करंट जमिनीकडे गळतोय हे ओळखून सप्लाय तोडणारा स्विच. तो हवा, कारण एकटा खड्डा एमसीबी पाडत नाही. साधा हिशोब करा, खड्डा १० ओहमचा, पूर्ण फेज बॉडीला लागला, करंट किती? २३० भागिले १० म्हणजे २३ अँपिअर. मेन एमसीबी ३२ चा असेल तर त्याला हा नेहमीचा लोड वाटतो, तो तासन् तास पडणार नाही आणि बॉडी जिवंतच राहते. १६ अँपिअरच्या सी टाइप एमसीबीला झटक्यात पडायला ८० ते १६० अँपिअर लागतात. एवढा करंट मातीतून मिळवायचा तर खड्डा दोन ओहमच्या आत हवा आणि पुण्याच्या दगडात तो मिळणं म्हणजे लॉटरी.

पुणं दख्खनच्या बेसाल्टवर बसलंय. कात्रज, धनकवडी, वारजे, बावधन इकडे डोंगर उतारावर काही फूट खणलं की मुरूम आणि खाली काळा पाषाण. नदीकाठाला काळी माती मिळते, ती ओली असताना झकास, पण एप्रिल-मेमध्ये तडकते आणि इलेक्ट्रोडच्या भोवती फट पडते. म्हणून डीबीत (घरातली एमसीबींची पेटी) ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी हवाच, त्याला पडायला इतका कमी करंट लागतो की खड्डा शंभर ओहमचा असला तरी तो पडतो. याचा अर्थ खड्डा वाईट चालेल असा काढू नका, आरसीसीबी हे यंत्र आहे, अडकूही शकतं, म्हणून त्याचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा.

आमच्या जुन्या वाड्यात अर्थ नळाच्या पाइपला जोडलाय, पन्नास वर्षं चाललंय.

पन्नास वर्षांपूर्वी पाइप जीआयचा होता आणि रस्त्यापर्यंत जमिनीतून जात होता. मध्ये कधीतरी प्लंबरने सहा फुटांचा तुकडा सीपीव्हीसीचा टाकला की तुमचा अर्थ तिथेच संपला. उलट आता नळाचा उरलेला लोखंडी भाग तुमच्या बॉडीला जोडलेला आहे, म्हणजे तुमचा गिझर बिघडला की खालच्या काकूंच्या मोरीत शॉक. आधी नवीन अर्थ घ्या, मग ती वायर सोडवा, या क्रमाने.

वाड्यात खणायला जागाच नाही, मीटर दिंडी दरवाजाजवळ जिन्याखाली लाकडी फळीवर, अजून चिनी मातीचे कटआउट आहेत.

सदाशिव, कसबा, शनिवार, सगळीकडे हेच चित्र. अंगण फरशीचं, चौकात तुळशीवृंदावन, आणि बाहेर थेट रस्ता. जागा लागते किती? पाइपचा इलेक्ट्रोड अडीच मीटर लांब, आतला व्यास ३८ मिमीपेक्षा कमी नाही, भिंतीपासून दीड मीटर लांब. तोंडाचा खड्डा फूटभराचा पुरतो, बाकी ड्रिलिंगवाला बोअर मारून देतो, तुळशीला धक्का लागत नाही. प्लेट गाडायची तर मात्र मोठा खड्डा, वरची कड जमिनीखाली दीड मीटर, वाड्यात ते जमत नाही. जुन्या भिंतीच्या पायाला लागून खणू नका, मातीच्या भिंती आहेत त्या.

लाकडी फळीला अर्थ द्यायची गरज नाही, पण फळीवरच्या पत्र्याच्या मेन स्विचला आहे. आणि मीठ-कोळसा घालायची जुनी पद्धत काम करते, फक्त मीठ जीआय पाइप खातं, त्याऐवजी बेंटोनाइटवालं (ओल धरून ठेवणारी चिकणमाती) मिश्रण भरलेलं जास्त टिकतं.

मीटर रूम तळघरात आहे, पाणी शिरलं तर?

२५ जुलै २०२४ ला सिंहगड रोडला एकता नगरीत घराघरात पाणी शिरलं, त्याच पावसात पुलाची वाडीला साचलेल्या पाण्यात हातगाडी हलवताना तीन तरुण शॉक लागून गेले. पाण्यात बुडालेल्या पेटीचा अर्थ कितीही चांगला असला तरी त्या पाण्यात पाय ठेवायचा नाही, आधी १९१२ ला फोन करून सप्लाय बंद करून घ्यायचा. पाणी ओसरल्यावर पेटी वाळली म्हणून चालू करू नका, मेगरने इन्शुलेशन तपासून घ्या आणि अर्थचे जोडही, गाळ बसतो त्यांच्यात. कायमचा उपाय म्हणजे मीटर वर उचलणं, सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्यावर वाद होईल, होऊ दे.

सोलर, वीज अटकाव आणि ईव्ही चार्जरचा अर्थ पण याच पेटीत आणायचा का?

पीएम सूर्यघर ही छतावरच्या सोलरची सरकारी योजना आल्यापासून हा प्रश्न रोज येतो. सोलरला साधारण तीन खड्डे करतात, डीसी बाजूचा, एसी बाजूचा आणि वीज अटकाव दांड्याचा. दांड्याची पट्टी सरळ, कमीत कमी वळणं घेत, बाहेरच्या भिंतीवरून खाली खड्ड्यात जायला हवी. ती मीटरच्या पेटीतून किंवा पेटीला लागून नेऊ नका. आकाशातली वीज येते तेव्हा ती चौकोनी वळणं घेत बसत नाही, उडी मारते, आणि शेजारी तुमचा मीटर असतो. खड्डे जमिनीखाली एकमेकांना जोडायचे की नाही हे डिझाइन करणाऱ्याला ठरवू दे, पेटीत आणून गुंडाळायचे नाहीत एवढं नक्की.

ईव्हीचा चार्जर अर्थ नसेल तर बरेचदा चालूच होत नाही. लोक मग चार्जरवाल्याशी भांडतात. तो बिचारा बरोबर सांगतोय.

अर्थ चांगला आहे हे मी स्वतः कसं तपासू? वायरमनने बल्ब लावून दाखवला, पेटला.

बल्ब पेटणं हा पुरावा नाही. १०० वॅटच्या जुन्या बल्बला अर्धा अँपिअरही लागत नाही. खड्डा ५० ओहमचा भिकार असला तरी बल्बला २१० व्होल्ट मिळतात आणि तो झळकतो, डोळ्याला फरक कळत नाही. बल्बने एवढंच कळतं की वायर कुठेतरी पोचलीय. घरात आरसीसीबी असेल तर बल्ब लावताच तो पडायला हवा, आणि पडला तर ती चांगली बातमी.

खरं माप अर्थ टेस्टरने, जमिनीत दोन खिळे ठोकून, खड्ड्याची पट्टी बारपासून सोडवून घेतात. त्या वेळात घराला अर्थ नसतो म्हणून मेन बंद ठेवायचा. म्हणूनच बार सीलच्या बाहेर हवा हे मी वर डोकं आपटून सांगत होतो. आकडा आणि तारीख मीटर रूमच्या दारावर ऑइलपेंटने लिहा, मे महिन्यातलं माप घ्या, ऑगस्टमधलं सगळ्यांचंच चांगलं येतं.

जुना मीटर काढून स्मार्ट मीटर लावला, अर्थिंगमध्ये काही बदल?

मीटरमध्ये काही नाही. फक्त बदलताना माणूस घाईत असतो, पेटीच्या बॉडीची अर्थची वायर आड येते म्हणून सोडवतो आणि तशीच लोंबत ठेवतो. तो जाण्याआधी एकदा नजर टाका, लोंबत असेल तर तिथल्या तिथे सांगा.

खड्ड्यात पाणी घालायचं का, आणि आमचा खड्डा सापडतच नाही.

साध्या मीठ-कोळशाच्या खड्ड्याला उन्हाळ्यात आठवड्याला बादलीभर घाला, फनेलमधून, वरून शिंपडून उपयोग नाही. खड्डा सापडत नसेल तर बहुतेक पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक बसवताना त्याच्यावरच बसवलेत. मीटर रूममधल्या बारपासून पट्टी भिंतीवरून कुठे खाली उतरते ते बघा, तिथून सरळ बाहेर दीड-दोन मीटरवर ब्लॉक उचलून बघा, एका सोसायटीत आम्हाला तो चेअरमनच्या गाडीखाली सापडला, झाकणासकट.